भेंडीवरील केवडा व त्याचा बदलता विषाणू

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, मालगुजारी तलावांच्या व बोड्यांच्या खाली, श्रावणात दृष्टी पोहोचेल तेथवर रोवणी झालेल्या बांध्याच दिसतात. या हिरव्या पसाऱ्यात विहिरीच्या आसपास, घरालगतच्या वाडीत व उंचवट्याच्या जमिनीवर भाजीपाल्याचे लहान लहान तुकडे असतात. धानाचा पैसा हाती येईपर्यंत आठवडी बाजाराचा खर्च पुष्कळ घरी याच तुकड्यांतून भागतो. त्यांत भेंडीचे पीक विशेष सोयीचे. पेरणीपासून सुमारे दीड महिन्यात तोडा सुरू होतो, एक दिवसाआड फळे निघतात, आणि तोडणीचे काम घरच्या माणसांच्या हातून होऊ शकते. ज्या वर्षी भेंडीच्या शिरा कोवळेपणीच पिवळ्या पडतात, त्या वर्षी ऐन पावसाळ्यात घरातील रोकड आटते.

या रोगाला केवडा म्हणतात. काही गावांत हळद्या हे नावही चालते. त्याविषयी काश्तकारांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. रोगाला दाद न देणारे म्हणून बियाणे आणले, पहिली दोन-तीन वर्षे पीक उत्तम आले, आणि पुढे त्याच नावाच्या बियाण्याचे शेत पिवळे पडले; तेव्हा बियाण्यात भेसळ असली पाहिजे, असा हा समज. भेसळ क्वचित असेलही. परंतु या तक्रारीमागे बहुतेक वेळा दुसरे कारण असते, व ते समजल्यावाचून पुढचे उपाय नीट कळत नाहीत. बियाणे तेच राहते. बदलतो तो विषाणू.

रोग ओळखताना होणारी गफलत

प्रत्येक पिवळे पान केवड्याचे नसते. जमिनीत पाणी साचून राहिले अथवा लोहासारख्या अन्नद्रव्याची उणीव पडली, तर शिरा हिरव्या राहतात व त्यांच्यामधील भाग पिवळा पडतो. केवड्यात याच्या अगदी उलट घडते. आधी शिरा पिवळ्या होतात, त्यांच्या मधला भाग काही दिवस हिरवा राहतो, आणि पान उजेडापुढे धरले असता पिवळ्या दोऱ्यांचे जाळे विणल्यासारखे दिसते. पुढे सर्व पानच पिवळे किंवा फिकट पांढरे होते. फळे लहान, कठीण व पिवळसर राहतात, आणि बाजारात त्यांना कोणी हात लावीत नाही. तुडतुड्यांच्या उपद्रवाने पानांच्या कडा प्रथम पिवळ्या पडून वर वळतात. तोही प्रकार निराळा आहे.

नावामुळेही घोटाळा होतो. बाजरी-ज्वारीवरील केवडा बुरशीपासून होतो. भेंडीवरील केवडा विषाणूपासून होतो, व त्यावर बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे होय. एकदा झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही औषधाने निघत नाही. मूग व उडदावरही पिवळा केवडा येतो. त्याचा विषाणू वेगळा, पण तो वाहून नेणारी पांढरी माशी तीच.

शंभर वर्षांची ओळख

हा रोग आपल्या राज्याच्या परिचयाचा आहे. १९२४ साली कुलकर्णी यांनी तत्कालीन मुंबई इलाख्यातील पिकांवरील अशा रोगांची माहिती पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या नियतकालिकात दिली, तीत भेंडीचा हा रोग प्रथम नोंदला गेला. भंडारा त्या वेळी मध्यप्रांतात होता. १९४० साली उप्पल, वर्मा व कपूर यांनी रोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवून त्याला शास्त्रीय नाव दिले. रोगट झाडाचा रस निरोगी पानावर चोळून रोग लागत नाही. कलम केल्याने लागतो, आणि पांढऱ्या माशीच्या द्वारे लागतो. कपूर व वर्मा यांनी १९५० साली रानभेंडीच्या कुळातील जातींवर व होलिहॉकसारख्या बागेतील फुलझाडांवरही हा विषाणू जगतो असे दाखविले. माशी व विषाणू यांच्या संबंधाचा वर्मा यांनी पुढे बारकाईने अभ्यास केला. रोगट पानाचा रस शोषताना विषाणू माशीच्या पोटात जातो, तेथून अंगात फिरून लाळेत येतो, व मग पुढच्या झाडात उतरतो. एकदा विषाणू घेतलेली माशी तो दीर्घकाळ बाळगते. नरापेक्षा मादी या कामी अधिक समर्थ असते.

रोग केव्हा लागतो याला फार महत्त्व आहे. शास्त्री व सिंग यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेले आकडे आजही उद्धृत केले जातात. अगदी कोवळ्या वयात रोग लागलेल्या झाडाच्या उत्पन्नात सुमारे ९४ टक्के तूट येते. उगवणीनंतर ५० दिवसांनी लागला तर ८४ टक्के, आणि ६५ दिवसांनी लागला तर ४९ टक्के. म्हणजे पहिले दोन महिने जो काश्तकार पीक निरोगी राखील, त्याची निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते.

वाण टिकत का नाहीत

दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत हरभजन सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका भेंडीचा पुसा मखमलीशी संकर करून पुसा सावनी हा वाण तयार केला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तो देशभर पसरला. फळ सुबक, गर्द हिरवे, आणि रोग नाही; त्या काळी याहून अधिक कोणी काय मागावे ? तथापि या वाणाच्या बंगाली पूर्वजाविषयी एक गोष्ट अभ्यासकांना ठाऊक होती. त्यात विषाणू शिरत असे, पण पानावर खूण उमटत नसे. झाड रोग दाखवीत नव्हते, इतकेच. असे वाण हजारो एकरांवर उभे राहिले म्हणजे विषाणूला मुक्काम मिळतो, व त्या मुक्कामात त्याच्यात घडणारा प्रत्येक बदल कसोटीला लागतो. काही वर्षांनी पुसा सावनीचे गुण ओसरले व तीही पिवळी पडू लागली.

पुढचे मोठे काम परभणीस झाले. मराठवाडा कृषी विद्यापीठात (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) जांभळे व नेरकर यांनी पुसा सावनीचा मॅनिहॉट नावाच्या भेंडीच्या दुसऱ्या जातीशी संकर केला. दोन वेगळ्या जातींचा संकर सहज साधत नाही. संततीत वांझपणा येतो, व चांगल्या फळाचा गुण पुन्हा आणण्यासाठी ती संतती पुसा सावनीशी फिरून फिरून संकरावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून परभणी क्रांती हा वाण सिद्ध झाला, व १९८६ साली त्याची माहिती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने रानटी जातीच्या साहाय्याने अर्का अनामिका हा वाण दिला. महाराष्ट्रातील भेंडी उत्पादकांचे या वाणांनी मोठे भले केले, यात शंका नाही. परंतु आता अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसतो.

या दोषाचे मूळ बहुधा प्रतिकाराच्या रचनेत आहे. जांभळे व नेरकर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रतिकार एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे दिसून आले होते. एका कुलपाच्या दाराला एकच किल्ली पुरते. विषाणूला ती किल्ली शोधायला बुद्धी लागत नाही; असंख्य नकला निघत असताना एखादी चुकीची नक्कल नेमकी त्या कुलपाला बसते, आणि पुढच्या हंगामात तीच सर्वत्र पसरते.

विषाणूच्या घडणीविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. ज्या गटात तो मोडतो, त्यातील विषाणूंचे कवच दोन दाणे जोडावेत तसे जुळे असते. २००३ साली मदुराई कामराज विद्यापीठातील जोस व उषा यांनी असे दाखविले की, विषाणूचा मुख्य डीएनए एकटा भेंडीत सोडला तर पाने किंचित आकसतात, पण केवड्याची खरी खूण उमटत नाही. त्याच्या जोडीला सुमारे निम्म्या लांबीचा एक दुसरा रेणू असावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला बीटा सॅटेलाइट म्हणतात. हा सोबती स्वतः काही करू शकत नाही, आणि मुख्य विषाणूही त्याच्यावाचून भेंडीला पुरता नमवू शकत नाही. अशी ही दोघांची भागीदारी आहे.

बाजाराच्या दिवशी एकाच झाडाखाली दोन बैलगाड्या सोडलेल्या असाव्यात आणि निघताना एकीचे चाक दुसरीला बसलेले असावे, तसा प्रकार या विषाणूंत घडतो. एकाच झाडात दोन भिन्न विषाणू एकत्र आले तर नकला निघताना एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो व तिसराच विषाणू जन्मतो. गेल्या दोन दशकांत देशाच्या निरनिराळ्या भागांतील रोगट भेंडी तपासली गेली, तेव्हा केवड्याच्या नावाखाली एक नव्हे, तर अनेक विषाणू आढळले, आणि त्यांतील पुष्कळांत अशा जोडकामाच्या खुणा मिळाल्या. माशीही पूर्वीची एकच राहिलेली नाही. पांढऱ्या माशीचा एक परदेशी प्रकार १९९९ साली कर्नाटकातील कोलार भागात प्रथम आढळला. दिसायला ती आपल्या माशीसारखीच असते.

एका बेटाची साक्ष

एकाच रंगाच्या पानाखाली विषाणू कसा बदलून जातो याचा उत्तम दाखला धानावरच्या एका रोगाचा आहे, व तो भंडाऱ्याच्या काश्तकाराला विशेष समजण्यासारखा आहे. हा रोग भारतात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तो आफ्रिकेपुरता मर्यादित आहे. धानाची पाने पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी चितारली जातात व लोंब्या भरत नाहीत. १९६६ साली केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, तो प्रथम नोंदला गेला. पाने कुरतडणारे भुंगेरे त्याचा प्रसार करतात. रोगट रोपे हाताळलेल्या हातांनी व अवजारांनीही तो पुढे जातो.

आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर हे मोठे बेट आहे. तेथील लोकांचे मुख्य अन्न भातच. बेटाच्या चहूकडे समुद्र असल्यामुळे रोग आला कसा व गेला कोठे याचा माग मुख्य भूमीपेक्षा तेथे स्वच्छ लागतो. १९७० च्या दशकापासून शेते हिंडून केलेल्या पाहणीच्या नोंदी होत्या, आणि १९८९ पासून गोळा केलेले विषाणूचे ९४ नमुने होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही एकत्र ठेवून पाहण्यात आले. बेटावरील सर्व नमुने एकाच घराण्याचे निघाले, आणि ते घराणेही जोडकामातून जन्मलेले होते. मुख्य भूमीच्या अगदी पूर्वेकडील भागातून ते समुद्र ओलांडून आले असावे. तीन-चार दशकांत ते शेकडो किलोमीटर दक्षिणेकडे पसरले.

येथवर नोंदी व नमुने यांचे एकमत होते. परंतु रोग नेमका कोठे व केव्हा सुरू झाला याबाबत दोहोंत फरक पडला. नमुने असे सुचवीत होते की, बेटाच्या उत्तर भागातील जुनी शाखा मागे हटून तिची जागा नंतरच्या शाखेने घेतली. म्हणजे उत्तरेवर रोगाने दुसऱ्यांदा स्वारी केली, आणि बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही ती कळली नाही. पाने पूर्वीही पिवळी होती, नंतरही पिवळीच होती. नमुने जपून ठेवले नसते तर ही दुसरी स्वारी कायमची अज्ञात राहिली असती.

भेंडीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. १९२४ सालच्या पिवळ्या शिरा व आजच्या पिवळ्या शिरा यांत डोळ्यांना भेद दिसणार नाही. पण त्यांतील विषाणू एकच आहे असे धरून चालता येत नाही. म्हणून अमुक वाण रोगाला दाद देत नाही, हे वाक्य नेहमी सालासहित व ठिकाणासहित वाचावे.

धानाच्या समुद्रातील बेटे

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु खरिपात येथील भाजीच्या तुकड्यांची अवस्था बेटांसारखीच असते. पांढरी माशी धानावर पोसली जात नाही. चहूबाजूंनी रोवणी झालेला भेंडीचा तुकडा हा तिच्या दृष्टीने पाण्यात उभ्या असलेल्या बेटासारखा होय. कापसाच्या मुलखात माशीला मैलोगणती अन्न मिळते, तसे येथे मिळत नाही. या नैसर्गिक सोयीचा लाभ आपल्याकडे फारसा घेतला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

लाभ हुकतो तो पुलांमुळे. उन्हाळी भेंडीचे भाव पडले की तोडा थांबतो. पण झाडे उपटली जात नाहीत, ती जून-जुलैपर्यंत पिवळी होऊन उभी राहतात. तोवर शेजारी खरिपाची भेंडी उगवून येते. जुन्या झाडावरील माशीला नव्या दोन पानांच्या रोपावर जाण्यास फार तर दहा पावलांचे अंतर कापावे लागते. दुसरा पूल धुऱ्यावरील रानभेंडीसारख्या तणांचा, आणि तिसरा घराच्या कुंपणालगत बियांसाठी राखलेल्या चार-दोन झाडांचा. ही चार झाडे कोणाच्या हिशेबात नसतात, म्हणूनच ती अधिक घातक.

उन्हाळी पिकाचा शेवटचा तोडा होताच झाडे मुळासकट काढून पुरून टाकावीत, व खरिपाची पेरणी त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी करावी. उष्ण हवेत माशीची अंड्यापासून पुढची पिढी तयार होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. तेवढा काळ तिला भेंडीचे पान मिळता कामा नये. एकट्याने हे करून भागत नाही. एका विहिरीभोवतीच्या दहा काश्तकारांपैकी नऊ जणांनी शेत मोकळे केले आणि दहाव्याने उभे ठेवले, तर नवांचे श्रम वाया जातात. येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याला खरे काम आहे. उन्हाळी भेंडी कोणाकोणाकडे आहे याची यादी मे महिन्यातच तयार करून, झाडे काढण्याचा एक आठवडा सर्वांनी मिळून ठरवावा.

खरिपाच्या पिकाभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन ओळी भेंडीच्या आधी पेराव्यात, म्हणजे माशीला आडकाठी होते. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावावेत. माशी कमी करण्यापेक्षा माशी आली हे कळण्यासाठी त्यांचा उपयोग मोठा. पहिले ४० दिवस आठवड्यातून दोनदा प्रत्येक ओळीतून फिरावे. पिवळ्या शिरेचे झाड दिसले तर ते सकाळी लवकर, माशा सुस्त असताना, पिशवीत झाकून उपटावे व पुरावे. चांगले वाढलेले झाड उपटताना हात थबकतो, हे खरे. पण कोवळ्या वयात रोग लागलेले झाड उत्पन्न देत नाही, केवळ रोग देते. उलट, पीक दोन महिन्यांचे झाल्यावर व तिसरा हिस्सा शेत पिवळे पडल्यावर उपटाउपटी करू नये. तेथे मिळेल तेवढा तोडा घेऊन शेत लवकर मोकळे करणे शहाणपणाचे.

माशीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर द्रावण करावे. फवारा पानाच्या खालच्या बाजूस पडला पाहिजे, कारण माशी व तिची पिले तेथेच असतात. शेजाऱ्याने फवारले म्हणून हाती लागेल ते विषारी औषध घेऊन वारंवार फवारू नये. विशेषतः पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या अतिरेकाने माशीचे नैसर्गिक शत्रू मरतात व माशी पूर्वीपेक्षा वाढते, असा कापसाच्या मुलखातील अनुभव आहे. रासायनिक औषध घेणे भागच पडले तर भेंडीसाठी शिफारस असलेलेच घ्यावे आणि फवारणी व तोडा यांतील दिवसांचे अंतर डब्यावरील सूचनेप्रमाणे पाळावे. भेंडी एक दिवसाआड तोडली जाते, हे येथे विसरून चालणार नाही.

नोंद व नमुना

मादागास्करच्या अभ्यासात शेतावरील जुन्या नोंदी नमुन्यांइतक्याच उपयोगी पडल्या. आपल्या गावची नोंद करण्यास एक वही पुरे. वाणाचे नाव व बियाण्याच्या पिशवीवरील गट क्रमांक, पेरणीची तारीख, पहिले पिवळे झाड दिसल्याची तारीख, आणि शंभर झाडे मोजून त्यांत रोगट किती, एवढे लिहावे. मोजणी पंधरा दिवसांनी पुन्हा करावी. रोग न आलेल्या शेताचीही नोंद घ्यावी, नाहीतर तुलना कशाशी करणार ? रोगाला दाद न देणाऱ्या म्हणून घेतलेल्या वाणावर केवडा दिसल्यास बियाण्याची पावती व पिशवी जपून ठेवावी, आणि ही माहिती कृषी विभागास व साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावी. पानांचा नमुना पाठविताना शेंड्याकडील, नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या शिरांची चार-पाच पाने घ्यावीत. ती कोऱ्या कागदाच्या घडीत दाबून सावलीत वाळवावीत व कागदी पाकिटात घालावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात. पाकिटावर गाव, तालुका, वाण, पेरणीची तारीख व पाने तोडल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी. शाई ओलाव्याने पसरते.